नारिंगी ज्वराचा उतार

पाठीराख्याचा उत्साह मिनिटांत मोजावा लागतो. सामना सुरू होण्याच्या किती आधी माणूस घर सोडतो, हे त्याचे माप. रावेतहून बालेवाडीचे क्रीडासंकुल दहा-बारा किलोमीटरांवर आहे. हंगामाच्या आरंभी साडेसातच्या सामन्यासाठी पाठीराखा साडेचारलाच दुचाकी बाहेर काढतो. पुनावळ्याचा अंडरपास, भुमकर चौक आणि नुकतीच सुटलेली हिंजवडी यांचा हिशेब धरूनही तो फार लवकर पोहोचतो आणि रिकाम्या मैदानाकडे मालकाच्या नजरेने पाहत बसतो. संघ हरू लागला की तो साडेपाचला निघतो, मग साडेसहाला. शेवटच्या अवस्थेत साडेसात वाजता तो घरीच असतो आणि आवाज बंद करून मोबाइलवर सामना पाहतो. आवाज बंद, कारण तो मैदानावर गेला नाही हे शेजाऱ्यांना कळू नये.

ही सारी निरीक्षणे प्रस्तुत लेखक या एकाच नमुन्यावर केलेली आहेत. एका नमुन्यावरून सिद्धांत मांडणे शास्त्राला धरून नाही, हे मान्य. परंतु त्याच्या सोसायटीत दुसरा नमुना उपलब्ध झाला नाही.

रावेत हा मुळात क्रिकेटचा प्रदेश. जवळच गहुंजेचे क्रिकेट मैदान आहे आणि सामन्याच्या रात्री तिथल्या दिव्यांचा उजेड आभाळात दिसतो. पण या पट्ट्यात संघ फार काळ टिकत नाहीत, क्रिकेटचेही नाहीत. आयपीएलमधले पुणे वॉरियर्स २०११ मध्ये आले, २०१३ मध्ये गेले. त्यानंतरचा रायझिंग पुणे सुपरजायंट्स तर दोन वर्षांच्या बोलीवरच आला. पहिल्या वर्षी आठात सातवा आल्यावर दुसऱ्या वर्षी त्याने नावातला शेवटचा ‘स’ काढून टाकला, आणि २०१७ चा अंतिम सामना एका धावेने गमावला. रावेत-किवळ्यात फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांना या प्रकाराचे नवल वाटत नाही. अकरा महिन्यांचा करार, अनामत, आणि जाताना भिंतीला खिळ्यांची भोके.

फुटबॉलमधली भोके संख्येने अधिक. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला आणि २०१५ मध्ये बंद झाला. भारत एफसी एकच हंगाम जगला, तोही तळाशी राहून. डीएसके शिवाजियन्सने आय-लीगमध्ये दोन हंगाम काढले. इंडियन सुपर लीगबरोबर २०१४ मध्ये एफसी पुणे सिटी अवतरला, त्याच्या पाठीराख्यांची ‘ऑरेंज आर्मी’ उभी राहिली आणि प्रस्तुत लेखकाला नारिंगी ज्वर चढला.

ज्वराचे मूळ फुटबॉलप्रेमात होते असे म्हणवत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज रात्री क्रिकेटवर बोलणारे चौदा जण होते. पंधराव्याला तिथे कोणी विचारले नसते. फुटबॉलवर बोलणारा मात्र एकमेव, म्हणून आपोआप तज्ज्ञ. पहिल्याच हंगामात संघात डेव्हिड ट्रेझेगे होता. १९९८ च्या विश्वविजेत्या फ्रेंच संघातला आणि २००० च्या युरो अंतिम सामन्यात सुवर्णगोल मारणारा हा माणूस बालेवाडीत धावतो आहे, ही माहिती लेखकाने लिफ्टमध्ये, किराणा दुकानात आणि एकदा सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रांगेतही दिली. २०१५ मध्ये डेव्हिड प्लॅट प्रशिक्षक आणि आद्रियान मुतू खेळाडू म्हणून आल्यावर तर त्याने ‘आपला प्लॅट’ असा उल्लेख सुरू केला. संघ पहिल्या वर्षी आठात सहावा आला, दुसऱ्या वर्षी सातवा, तिसऱ्या वर्षी पुन्हा सहावा. यावर लेखकाचे ठरलेले उत्तर असे: “आम्ही निकालासाठी जात नाही.” खरा पाठीराखा पडत्या काळात ओळखला जातो, हेही तो सांगे. हे सांगताना त्याच्या गळ्यात स्कार्फ असे.

या स्कार्फविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

फुटबॉलचा स्कार्फ ही विलायतेतल्या थंडीची देणगी. तिथे लोक हिवाळाभर उघड्यावर उभे राहून सामने पाहत आले, म्हणून गळ्याला लोकर. आपल्याकडे लीग भरायची ऑक्टोबरात, म्हणजे ‘ऑक्टोबर हीट’ या नावाचा वेगळा ऋतू ज्या शहरात आहे त्या शहरात. मानेला घामोळे आले तरी स्कार्फ उतरवायचा नाही, हे निष्ठेचे पहिले लक्षण मानले जाई. दुसरे लक्षण म्हणजे तो दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरणे. यात अडचण अशी की वडापाव धरायला तिसरा हात लागतो. लेखकाने वडापाव दातांत धरून स्कार्फ ताणण्याचे तंत्र विकसित केले होते; त्यामुळे घोषणा देता येत नसत, पण तोंड भरलेले असल्याने हरताना शिव्याही जात नसत. तशाही त्या पोहोचल्या नसत्याच. बालेवाडीचे मैदान ॲथलेटिक्सचे, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेले. प्रेक्षक आणि गोल यांच्यामध्ये धावपट्टी पसरलेली आहे, आणि कितीही कळवळून दिलेली शिवी ती ओलांडेपर्यंत दमून जाते.

शिवाय पुण्यात स्कार्फ ही वस्तू स्वतंत्र नाही, तिच्यावर आधीच मुलींचा हक्क आहे. डोळे सोडून सारा चेहरा झाकणारी ती दुचाकीवरची बांधणी या शहराची ओळखच. धुळीपासून बचाव म्हणून लेखकाने एकदा नारिंगी स्कार्फ तसा बांधला, तर गेटवर वॉचमनने “ताई, नाव लिहा” म्हणून रजिस्टर पुढे केले. नाव न लिहिता तो आत गेला. पुढे स्कार्फाचे घरगुती उपयोग वाढत गेले. प्रवासात बॅगेची तुटलेली चेन त्याने बांधली गेली. गाडीच्या सीटवरचे दव त्याने पुसले गेले. डिसेंबरच्या थंडीत विरजणाचे पातेले त्यात गुंडाळून ठेवण्याची युक्ती सौभाग्यवतींची. संघाच्या त्या संपूर्ण हंगामात नीट लागलेली गोष्ट एकच, ते दही.

तो हंगाम २०१८-१९ चा. त्याची निराशा समजण्यासाठी आदल्या वर्षाची आशा माहीत हवी. २०१७-१८ मध्ये मार्सेलिन्यो आणि एमिलियानो अल्फारो यांच्या जोरावर संघ चौथा आला आणि प्रथमच उपान्त्य फेरीत गेला. पुण्यात बंगळुरूशी ०-० अशी बरोबरी. परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि १-३ असा विषय संपला. पण एकदा उपान्त्य फेरी चाखलेल्या पाठीराख्याला पुन्हा सहावा-सातवा क्रमांक पचत नाही. सतत सहावे येणाऱ्याला तो पचतो. नव्या हंगामात स्पॅनिश प्रशिक्षक मिगेल पोर्तुगाल सुरुवातीलाच गेले, मध्ये प्रद्युम रेड्डींनी धुरा सांभाळली आणि मग फिल ब्राउन आले. २००८ च्या डिसेंबरात मँचेस्टर सिटीविरुद्ध मध्यंतराला ०-४ अशी पिछाडी असताना हल सिटीच्या खेळाडूंना भर मैदानात बसवून, सर्वांदेखत झापणारे ते हेच. पार्किंगमध्ये लेखकाने हा किस्सा सांगितला. चौदा जणांनी तो आवडीने ऐकला, आणि एकाने विचारले, “मग तुम्ही कालच्या मॅचला गेला होता का?”

गेला नव्हता. कारण टँकर होता. रावेतच्या बंधाऱ्यातून पिंपरी-चिंचवड पाणी पिते, आणि बंधाऱ्याशेजारच्या सोसायट्यांत टँकर येतो. त्याची पावती घेण्यासाठी घरात कर्ता पुरुष हवा, असा शोध लेखकाला त्याच महिन्यात लागला. पुढच्या सामन्याला गाडीचे सर्व्हिसिंग निघाले. त्याच्या पुढच्याला सोसायटीची सर्वसाधारण सभा. या सभेला तो सात वर्षांत कधी गेला नव्हता. त्या संध्याकाळी मात्र तो पहिल्या रांगेत बसला आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर वीस मिनिटे बोलला. एका सामन्याला कारण सुचले नाही, तेव्हा तो सोफ्यावर नुसताच बसून राहिला.

“अहो, आज मॅच नाही का?”

“आहे.”

“मग?”

या ‘मग’ला उत्तर नसते. हरणारा संघ पाहण्याचा कंटाळा आला, एवढेच खरे होते. पण ते बोलले की पाच वर्षांचे भाषण फुकट जाणार होते. संघ अखेर दहात सातवा आला. लेखकाची स्वतःची उपस्थिती त्याहून खालच्या क्रमांकाची असावी.

बालेवाडीत त्याच्या शेजारी एक माणूस बसत असे. चाकणच्या एका कारखान्यात पहिली पाळी करून, कंपनीच्या गणवेशातच यायचा, डब्यातून चणे आणायचा आणि न विचारता अर्धे पुढे करायचा. ऑफसाइड त्याला लेखकापेक्षा नीट कळत असे, पण तो कधी समजावायला गेला नाही. चार हंगाम दोघे शेजारी बसले. नावे विचारली नाहीत, नंबर घेतले नाहीत. “चला, पुढच्या मॅचला” एवढेच बोलून पार्किंगमध्ये दोन दिशांना जात. लेखक टँकरची पावती घेत होता त्या संध्याकाळी त्या माणसाने शेजारची खुर्ची किती वेळ धरून ठेवली असेल, हे पावतीवर कुठे लिहिलेले नाही. इतर सारी कारणे विनोदी आहेत. हे एक आठवले की लेखकाला घास गिळवत नाही.

पुढच्या हंगामापासून नियमित जायचे असे त्याने ठरवले होते. तो हंगाम आला नाही. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी संपला, लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली, आणि फिल ब्राउन व मार्सेलिन्यो दोघेही तिकडे दिसू लागले. पहिल्या वर्षी हैदराबाद सर्वांत शेवटी आला, तेव्हा लेखकाला हे रक्त आपलेच असल्याची खात्री पटली. २०२२ मध्ये त्याच हैदराबादने लीगचा अंतिम सामना जिंकला. त्या रात्री त्याने टीव्ही बंद केला आणि सोडून गेलेल्या भाडेकरूने बंगला बांधल्याची बातमी घरमालक ऐकतो तशा चेहऱ्याने जेवायला बसला.

कोल्हापुरात असे होत नाही. तिथे शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमी खेळतात. पाटाकडील तालीम हरते, चिडते, तिचे लोक महिनाभर दिलबहारवाल्यांशी नीट बोलत नाहीत, पण ती हैदराबादला जाऊ शकत नाही. तिला पेठ आहे. नदीकाठी टॉवर उठून पंधरा-वीस वर्षेही न झालेल्या वस्तीत, जिथे निम्मे लोक करार संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवतात, तिथे संघाला पेठ कुठून आणायची, हा प्रश्न लेखकाने पार्किंगमध्ये मांडून पाहिला. चौदापैकी चार जण तोवर घरे बदलून गेले होते.

स्कार्फ अजून आहे. दही लावायच्या कामी येतो. चाकणचा तो माणूस घरी परतताना धुळीमुळे आपला स्कार्फ तोंडाला बांधून जात असे, एवढा एकच धागा हाती असल्याने वाकडच्या सिग्नलला दुचाकीवर नारिंगी स्कार्फ दिसला की लेखक हळूच हॉर्न देई. आतापर्यंत तीन नारिंगी स्कार्फ सापडले. तिन्हींच्या आत हिंजवडीला निघालेल्या मुली होत्या, आणि तिसरीने मागे वळून असे काही पाहिले की शोधकार्य तिथेच थांबवावे लागले.