श्री. पाऊण ते सव्वा यांस अनावृत पत्र

श्री. पाऊण ते सव्वा
(पूर्ण नाव : दुपारी 12.45 ते 1.15),
मुक्काम बोर्डिंग पास, वरचा उजवा कोपरा

स. न. वि. वि.

आपली-माझी ओळख जुनी नाही. मुलीने आणि जावयांनी आमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मुंबई-गोवा-मुंबई अशी तीन रात्रींची क्रूझ भेट दिली. जावयांनी एका रात्री लॅपटॉप उघडून ‘वेब चेक-इन’ नावाचा विधी केला. आमचे फोटो चढवले, आधार कार्डं चढवली, दोघांनाही ताप-खोकला नाही अशी आमच्या वतीने प्रतिज्ञा केली. मग पडद्यावर बोटीत चढायच्या वेळांची यादी आली. दहा, साडेदहा, अकरा या मंडळींवर कोणी कोणी आधीच रुमाल टाकून गेले होते. उरलेल्यांत आपण होता. जावयांनी विचारलं, “बाबा, पाऊण ते सव्वा चालेल?” मी म्हटलं, “चालेल काय, धावेल.”

हे इतक्या उत्साहाने म्हणण्याचं कारण आपल्याला सांगायला हवं. मी एसटीत बत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची एकोणीस वाहतूक नियंत्रक म्हणून. लोक आम्हाला कंट्रोलर म्हणत, पण आमच्या कंट्रोलमध्ये काय असायचं हे आम्हालाच ठाऊक. काचेमागे बसायचं, माइक हातात घ्यायचा, “गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे” असं सांगायचं आणि गाडी चारवर लागलेली बघायची. 1 जून 1948 ला पुण्याहून नगरला पहिली एसटी गेली, तेव्हापासून महाराष्ट्रात वेळ हा प्रकार भिंतीवर पांढऱ्या रंगाने लिहिलेला आहे. तो वाचून तंतोतंत वेळेवर आलेला प्रवासी मी माझ्या नोकरीत फार थोडा पाहिला. जो तो एकतर तासभर आधी यायचा, नाहीतर गाडी फाटकाबाहेर पडताना मागून पळत यायचा. तेव्हा कोणीतरी मला, प्रवाशाला, माझ्या नावाची अर्ध्या तासाची वेळ देतंय, तीही ठळक अक्षरांत, आणि खाली ‘कृपया या वेळेपूर्वी येऊ नये’ अशी विनंती करतंय, हे वाचून मला माहेर भेटल्यासारखं झालं.

अशा वेळा का वाटून द्याव्या लागतात, हे मला कोणी समजावायची गरज नव्हती. आमची साताऱ्याची गाडी आली की माणसं उतरायची, एक पोरगा झाडू मारायचा आणि तीच गाडी पुन्हा साताऱ्याला लागायची. बोटीचंही तेच, फक्त गाडी अकरा मजल्यांची. सकाळी जुने प्रवासी उतरतात, शेकडो खोल्यांच्या चादरी बदलतात, भाजीपाला चढतो, कचरा उतरतो आणि दुपारी नवे चढतात. सगळे एकदम आले तर आत जायला खोली तयार नाही आणि बाहेर उभं राहायला जागा नाही. माझा भाचा फ्लोरिडात असतो. त्याच्याकडे मायामीहून सुटणारी ‘आयकॉन ऑफ द सीज’ नावाची बोट आहे, म्हणजे त्याची नव्हे, त्याच्या गावाजवळची. भरगच्च भरली तर तिच्यात 7,600 प्रवासी मावतात. ती एकाच दिवसात रिकामी होऊन पुन्हा भरते. आपल्यासारख्यांची पलटण हाताशी असल्याशिवाय हे होईल काय? मी तर आपल्याला त्या यंत्राचा स्क्रू समजत होतो.

आमचे साडू मात्र आपल्याला काहीच समजत नव्हते. ते आणि अक्का आमच्याबरोबरच येणार होते, त्यांना ‘अडीच ते तीन’ मिळाले होते. साडू बँकेतून निवृत्त झालेले. फोनवर म्हणाले, “अहो, ते लिहिण्यापुरतं असतं. आपण साडेदहाला पोहोचू. तुम्ही पण या.” मी त्यांना सांगितलं की बँकेत अडीचला खिडकी बंद करताना तुम्हाला वेळ लिहिण्यापुरती वाटत नव्हती. त्यावर त्यांनी अक्काकडे फोन दिला.

ठरल्या दिवशी आम्ही ठाण्याहून टॅक्सीने निघालो. पूर्वमुक्त मार्ग मोकळा मिळाला, हा त्या दिवशीचा पहिला घात. अकरा वाजून दहा मिनिटांनी आम्ही फोर्टात. आपल्या भेटीला अजून दीड तास होता. मी टॅक्सी इराण्याच्या दारात थांबवली. दोन मोठ्या बॅगा, त्यांना स्टेपलरने लावलेले कंपनीचे कागदी टॅग, एक पिशवी, पिशवीत नारळ, आणि माझ्यासमोर बसून बनमस्क्याकडे न बघता माझ्याकडे बघणारी ही. इराण्याने एकदा बॅगा पाहिल्या, एकदा हिचा चेहरा पाहिला आणि चहा न मागता आणून ठेवला. अकरा चाळीसला हिच्या फोनवर फोटो आला. साडू बोटीच्या वरच्या डेकवर, पाठीमागे निळं पाणी, हातात छोले-भटुऱ्यांची ताटली. खाली मजकूर : “पोचलो. तुम्ही कुठे?”

मी हिला आमची बोट सुटणार होती त्या बॅलार्ड पिअरचा इतिहास सांगून वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला. फ्रंटिअर मेल 1928 साली सुरू झाली, तेव्हा विलायतेहून येणाऱ्या टपालबोटींच्या प्रवाशांसाठी ती काही काळ थेट या धक्क्यावरच्या मोल स्टेशनातून सुटे. म्हणजे बोटीची वेळ आगगाडीला बांधलेली. माझ्यासारख्या माणसाला हे ऐकून अंगावर काटा येतो. हिच्या अंगावर आला नाही. ती म्हणाली, “त्या साहेबांना इराण्याकडे बसवून ठेवत होते का?”

बारा त्रेचाळीसला आम्ही धक्क्याच्या फाटकाशी होतो. दोन मिनिटं उन्हात उभा राहिलो, कारण आपण अजून सुरू झाला नव्हता. पंचेचाळीसला पुढे गेलो आणि कागद असा धरला की आपण बरोबर अंगठ्याच्या वर याल. गणवेशातल्या मुलाने आधार पाहिलं, नाव पाहिलं, टॅग ओढून पाहिला. आपल्याकडे त्याची नजरही गेली नाही. मी बोट ठेवून दाखवलं, “पाऊण ते सव्वा.” त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि म्हणाला, “चालेल काका.”

चालेल!

श्री. पाऊण ते सव्वा, त्या क्षणी मला आपली खरी कीव आली. ‘चालेल’ हे कोणाला म्हणतात? ज्याचं चुकलंय त्याला. उशिरा आलेल्या पाहुण्याला, एक रुपया कमी देणाऱ्या गिऱ्हाइकाला, मीठ विसरलेल्या सुनेला. वेळेवर आलेल्या माणसाला त्याच्या वेळेबद्दल उदारपणे माफ केलं गेल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं. माझ्या मागे साडेअकरावाले होते, पुढे दोनवाले होते, एक कुटुंब तर उद्याचं असावं अशी मला शंका आहे. सगळ्यांनाच चालत होतं.

आत रांगेला रांगा होत्या आणि त्यांतली एक गालिच्यावरची. तिच्यावर ‘प्रायॉरिटी’ लिहिलेलं होतं. म्हणजे ज्यांनी स्वीट घेतला आहे, किंवा जे याआधी पुष्कळदा पैसे भरून गेले आहेत, त्यांना वेळ नाहीच. ते येतील तीच त्यांची वेळ. याबद्दल माझी तक्रार नाही, आमच्याकडेही आमदारांसाठी सीट राखीव असायची. पण आमच्याकडे निदान आमदार क्वचितच यायचे.

तपासणीच्या यंत्राशी आमचं खरं स्वागत झालं. छोटी इस्त्री काढून घेतली. बोटीवर आगीची सगळ्यात जास्त भीती, तेव्हा ते रास्तच. थालीपिठं गेली, बाहेरचं खाणं चालत नाही. (बघा, काहीतरी चालत नाही.) मग पडद्यावर एक गोल, भरीव, काळी वस्तू आली आणि यंत्रामागची बाई ताठ झाली. हिने समुद्राला वाहायला नारळ आणला होता. अधिकाऱ्याला बोलावलं गेलं. हिने त्याला नारळी पौर्णिमा समजावली, त्याने तिला नियमावली समजावली. शेवटी नारळ टेबलाखाली गेला. नोकरीत मला कोणी नारळ दिला नाही, इथे माझ्याच खर्चाने मिळाला.

दीड वाजता आत पाऊल ठेवलं तेव्हा वरच्या डेकवरची प्रत्येक आरामखुर्ची भरलेली होती, आणि त्यातल्या निम्म्यांवर माणूस नव्हता, टॉवेल होता. लाल डब्याच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्यांची पुढची पिढी टॉवेलपर्यंत पोहोचली, ही राज्याची प्रगतीच म्हणायची. साडू पोहण्याच्या चड्डीत होते. अनुभवी माणूस चड्डी आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवतो, हे मला तेव्हा कळलं, कारण टॅग लावलेल्या बॅगा खोलीच्या दाराशी यायला संध्याकाळचे साडेसात वाजले. खोलीची किल्ली दोनला मिळाली. तोवर मी टॅक्सी, इराणी आणि रांग या तिन्हींचा घाम पाजलेल्या शर्टात, रक्तदाबाच्या गोळीशिवाय, साडूंच्या दुसऱ्या ताटलीकडे बघत उभा.

आता एक कबुली. मी आठ-नऊ वर्षांचा असताना वडील आम्हाला भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरीला न्यायचे. पावसाळा सोडला की कोकणची बोट चालायची. सकाळच्या बोटीसाठी वडील रात्र संपायच्या आत धक्क्यावर हजर असत, खांद्यावर सतरंजी. फळी लागली की पहिल्या धावेत डेकवर सतरंजी अंथरायची. चार कोपऱ्यांवर चार मुलं बसवायची. मी नैर्ऋत्येचा कोपरा होतो. रत्नागिरीला बोट खोल पाण्यात थांबायची आणि पडावातून किनाऱ्याला जायचं, तेव्हाही आम्ही पहिल्या पडावात. वडिलांना कोणी पाऊण ते सव्वा दिले असते तर त्यांनी आपल्याला घडी घालून बंडीच्या खिशात ठेवलं असतं. तेव्हा साडूंना मी फार बोलत नाही. ते माझ्या वडिलांसारखे वागतात, हेच मला सहन होत नाही.

संपूर्ण दिवसात एकच वेळ खरी निघाली, आणि ती आपल्या घराण्यातली नव्हती. साडेतीनला दार बंद. त्यानंतर चारला भोंगा झाला, सात लहान आणि एक लांब, आणि सगळ्या टॉवेलांखालची माणसं उठून आपापल्या ठिकाणी लाइफ जॅकेटांसमोर उभी राहिली. साडूसुद्धा. इथे कोणी “चालेल” म्हणालं नाही. 13 जानेवारी 2012 च्या रात्री इटलीच्या जिलिओ बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर घासून कलंडली, 32 माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ही कवायत अजून व्हायची होती. तेव्हाचा नियम होता चोवीस तासांच्या आत, म्हणून ती दुसऱ्या दिवशी ठेवलेली. 1 जानेवारी 2015 पासून ती बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. मुंबईच्या धक्क्याला लागलेल्या त्या बोटीवर उभा असताना मला वाटलं, ही एक वेळ कोणीतरी खरोखर विचार करून लावली आहे.

पाचला सुटायची बोट पाचला सुटली. मी घड्याळ पाहिलं. एकोणीस वर्षांत माझी एकही गाडी अशी सुटली नाही. एकदा शेवटची पालीची गाडी मी सात मिनिटं धरून ठेवली होती, सिव्हिल हॉस्पिटलातून एक बाई पोर घेऊन येत होती म्हणून. त्याचा मेमो मिळाला. तो अजून कपाटात आहे.

सांगायचं इतकंच की आपल्यावर माझा राग नाही. आपण छापले गेलात, मी आलो, आपली भेट झाली. त्या दिवशी बोटीवर चढलेल्या सगळ्यांत बहुधा आपल्याला भेटायला आलेला मी एकटाच. हे पत्र मी शेवटच्या रात्री, गोव्याहून परतताना लिहितोय. समुद्र जरा खवळलेला आहे आणि हिला बोट लागली आहे, तेव्हा दिवा मंद ठेवला आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पाऊण वाजता आलेला

ता. क. — उतरण्याचीही वेळ मिळाली आहे. काल रात्री दाराखालून चिठ्ठी आली : गट क्रमांक 14, सकाळी 9.20 ते 9.40. आपले चुलत भाऊ असावेत. आता सहा पन्नास झालेत. बाहेर डोकावलो तर जिन्यापर्यंत रांग गेली आहे, सगळ्यात पुढे साडू, बॅगेवर बसलेले. ही म्हणते, उठा. मी तिला चिठ्ठी दाखवली. तिने ती वाचलीही नाही, बॅगेची कडी ओढली आणि निघाली. पत्र इथेच आवरतो, दुसरी बॅग मला घ्यायची आहे.