टोकाचा विचार

पूल शिकायला लागून तीन आठवडे झाले. ब्रेक मारला की बॉल पंगतीतल्या पाहुण्यांसारखे जरासे सरकतात, उठत मात्र नाहीत. आणि दोष आपल्या हाताचा नाही, अशी तुमची खात्री पटली आहे. तर हे मार्गदर्शन तुमच्यासाठीच. दोष टिपेचा आहे. क्यूच्या टोकावरचा तो पाच-सहा मिलिमीटर जाडीचा तुकडा बदलला की खेळ बदलतो, या श्रद्धेने मी पुढच्या सगळ्या पायऱ्या चढलो आहे. तुम्ही कठडा धरून या.

पायरी १ : टिप म्हणजे कोणती, ते ठरवा

आपल्याकडे टिप तीन प्रकारची. एक वेटरला द्यायची, दुसरी शेअर बाजारातली, तिसरी क्यूच्या टोकाची. तिन्हींत पैसे आपलेच जातात. पार्लरमध्ये चौथी फुकट मिळते. आपण वाकून नेम धरला की मागच्या बाकावरून येते : "जरा पातळ घ्या, दादा." ही घेऊ नये. देणाऱ्याचा नंबर आपल्यानंतर असतो.

पायरी २ : नख लावून पाहा

क्यूला कातडे लावण्याचे श्रेय फ्रेंच सैन्यातल्या मँगो नावाच्या कॅप्टनला देतात. तो तुरुंगात बिलियर्ड्स खेळत बसे आणि शिक्षा संपली तरी सुटायला तयार नव्हता, अशी आख्यायिका आहे. काही जण हा तुरुंग बॅस्टिलचा होता असेही सांगतात. बॅस्टिल १७८९ मध्ये पडले आणि टिपेचा शोध १८०७ च्या सुमाराचा मानतात, तेव्हा कॅप्टनसाहेब नेमके कुठे बसले होते, हे पार्लरमध्ये विचारू नका. पण टिपेचा विचार करायला भरपूर मोकळा वेळ लागतो, एवढे त्यावरून कळते.

आजही बहुतेक टिपा कातड्याच्याच असतात. काही एकसंध, दाबून केलेल्या. काही पदर एकावर एक चिकटवून केलेल्या, चिरोट्यासारख्या. हे पदर बहुधा डुकराच्या कातड्याचे असतात. (चिरोटा खाली ठेवला असेल तर क्षमस्व.) सॉफ्ट, मीडियम, हार्ड हे शब्द डबीवर छापलेले असतात, पण एका कंपनीची मीडियम ही दुसरीची हार्ड निघते. म्हणून सोपी परीक्षा : टिपेवर अंगठ्याचे नख दाबा. खूण उमटली तर सॉफ्ट. उमटली नाही तर हार्ड. नखच मोडले तर ती फेनॉलिक.

पायरी ३ : ब्रेकची टिप

व्हाइट बॉल साधारण १६० ते १७० ग्रॅमचा. टिपेची आणि त्याची गाठ पडते ती सेकंदाच्या एखाद्या हजाराव्या भागापुरती. तेवढ्यातही सॉफ्ट टिप दबते, आणि दबताना तुमच्या जोराचा काही भाग स्वतःच खाऊन टाकते. हार्ड टिप कमी खाते, व्हाइटला जास्त देते. ब्रेकला हार्ड टिप घ्यायची ती एवढ्यासाठी. दुसरे कारण काटकसरीचे. रोजच्या सॉफ्ट टिपेने ब्रेक मारत राहिलात तर ती चेपून कडांनी बाहेर येते आणि क्यूला भूछत्र उगवते.

सर्वांत कडक ती फेनॉलिक. फेनॉलिक रेझिन म्हणजे बेकेलाइटच्या घराण्यातला पदार्थ. चांगले पूलचे बॉलही याच रेझिनचे बनतात, म्हणजे टिप आणि बॉल सगोत्र. अशा संबंधाला आपले आजोबा का नको म्हणत, ते व्हाइटकडे पाहून कळते : अंगावर चंद्रकोरीसारखे बारीक डाग पडतात. जागतिक पूल संघटनेच्या नियमांप्रमाणे टिप कातड्याची किंवा तशाच तंतुमय वा लवचिक पदार्थाची हवी आणि तिने व्हाइटला ओरखडे पडता कामा नयेत. फेनॉलिकवरून म्हणूनच वाद होतात. स्पर्धेत उतरणार असाल तर आधी विचारून घ्या.

शिवाय फेनॉलिकवर चॉक नीट धरत नाही. व्हाइटच्या मधोमध मारले तर ठीक, बाजूला लावायला गेलात की निसटलेच. मधोमध मारता येत असते तर आपण टिपांच्या मागे लागलो असतो का, हा प्रश्न इथे गैरलागू.

मी फेनॉलिक घेतली. पहिल्याच ब्रेकला बंदुकीसारखा आवाज झाला आणि चारही टेबलांवरचे लोक वळले. ब्रेक मारताना क्यूची मागची बाजू थोडी उचललेली असतेच, त्यात नवशिका ती आणखी उचलतो. व्हाइट पहिल्या बॉलवर टप्पा घेऊन आदळला, टेबलावरून उडाला आणि कूलरखाली गेला. एट-बॉलमध्ये ब्रेकला एखादा बॉल पॉट व्हावा किंवा निदान चार बॉल कुशनला लागावेत असा नियम आहे. माझे चार लागले होते. पाचवा आम्ही झाडूने काढला.

पायरी ४ : जंपची टिप

आडव्या आलेल्या बॉलवरून व्हाइट उडवायचा तो जंप. व्हाइटच्या पोटाखाली टिप घालून, उलथन्याने धिरडे उलटावे तसा तो उचलणे हा फाउल. कायदेशीर पद्धत उलटी : क्यू तीस ते साठ अंशांत उचलून वरून खाली मारायचे. व्हाइट कापडाखालच्या स्लेटवर दाबला जातो आणि उसळतो.

इथेही हार्ड टिप हवी, कारण व्हाइट चटकन सुटला पाहिजे. पण टिपेइतकाच क्यू महत्त्वाचा. नेहमीचा क्यू अर्ध्या किलोच्या वर भरतो. मारून झाल्यावरही तो व्हाइटच्या डोक्यावरून हलत नाही, मग उसळायला जागा कुठली? जंप क्यू हलका आणि आखूड असतो, मात्र नियमाप्रमाणे ४० इंचांपेक्षा आखूड चालत नाही. हलका असल्याने आदळताच मागे येतो आणि वाट मोकळी करतो.

मी जंप क्यूही घेतला. घरी मापे घेतली, भिंतीपाशी कोन जुळवले आणि पार्लरमध्ये गेलो. तिथे टेबलावरच्या दिव्याशेजारी पाटी होती : 'जंप मारू नये. कापड फाटल्यास भरपाई घेतली जाईल.' पाटी पहिल्या दिवसापासून होती. मी वर बघत नव्हतो, कारण मागच्या बाकावरचे नेहमी खाली बघायला सांगत.

पायरी ५ : टिप बसवणे

हे काम पार्लर सांभाळणाऱ्या मार्करकाकांकडे द्यावे. आमचे काका जुनी टिप ब्लेडने एका चकतीत उडवतात. टिपेखालच्या कड्याचे, म्हणजे फेरूलचे, तोंड पॉलिशपेपरवर उभे धरून सपाट करतात, नव्या टिपेची पाठ घासतात, फेविक्विकचा एक थेंब टाकतात आणि क्यू उलटा करून लाकडी फळीवर दाबून धरतात. मग बाहेर आलेली कड फळीवरच ब्लेडने तासतात. शेवटी कातड्याच्या बाजूला बोटाने थुंकी लावून ती कागदाने चोळतात, अगदी चकाकेपर्यंत. माथ्याला एक रुपयाच्या नाण्याच्या कडेइतपत गोलाई देतात. दहा मिनिटांत सगळे आटोपते. मी घरी केले तेव्हा टिप वाकडी बसली आणि अंगठा सरळ चिकटला.

शंकासमाधान

एकाच टिपेत ब्रेक आणि जंप दोन्ही जमेल का? ब्रेक-जंप क्यू मिळतो. जंपला मागचा तुकडा फिरवून काढायचा. टिप दोन्हींना तीच, कडक. नियंत्रण हवे असेल तर फेनॉलिकऐवजी हार्ड कातडी घ्या.

हीच टिप स्नूकरला लावू का? नको. पूलची टिप बारा-तेरा मिलिमीटर रुंदीची, स्नूकरची नऊ-दहाची. शिवाय १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मलेला हा खेळ शिस्तीचा आहे. आडव्या बॉलवरून व्हाइट उडवला की सहसा फाउलच.

आडवा बॉल आला आणि जंपला मनाई असेल तर? मी हेच काकांना विचारले. त्यांनी चॉकचा ठोकळा समोरच्या कुशनवर एका जागी ठेवला आणि म्हणाले, "इथं हळू लावा, साहेब. फिरून जाईल." रोजच्या क्यूने, मीडियम टिपेने लावला. व्हाइट फिरून गेला.

माझी फेनॉलिक टिप अजून नवीकोरी आहे. मी काकांना कौतुकाने दाखवली.

"टिकतेच ती," काका म्हणाले. "पिशवीत तर फारच टिकते."