चढाच्या आधी

1942 च्या ऑगस्टात ज्या चिमूरनं इंग्रजांना घाम फोडला, तिथं मला घाम फोडायला कोलाऱ्याच्या रस्त्यावरचा एक किरकोळ चढ पुरला. चढ तरी कसला! एसटीतून जाताना कळतही नाही.

रोड बाइक नवी. पुढं दोन चक्रं, मागं नऊ. हिशेबानं अठरा गिअर. पुढं 50 दात्यांचं आणि मागं 11 चं चक्र लावलं, की पायडलाच्या एका फेरीत गाडी साडेनऊ मीटर जाते. 34 आणि 28 लावलं, तर जेमतेम अडीच मीटर. पण पाय हलके. मी चिमूरपासून साडेनऊवरच. तर्री-पोहे खाणाऱ्यांच्या देखत हलका गिअर कोण टाकणार? टूर द फ्रान्सनं तरी असले खटक्यानं बदलणारे गिअर कुठं चालवून घेतले 1937 पर्यंत! शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांच्या मते ते पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी. मी एकावन्नचा, पण तर्रीवाल्यांना ते कशाला कळायला हवं?

चढावर पाय जड झाले, गाडी थांबायच्या बेतात आली, तेव्हा कुठं गिअर आठवला. सगळा भार पायडलावर देऊन खटका दाबला. ताणलेली साखळी सरकायची सोडून खाली उतरली. खर्रर्र! मी मोहाच्या झाडाखाली आडवा. समोर पाटी : वन्यप्राण्यांचा वावर, वाहने सावकाश चालवा.

मोहफुलांचं पोतं लादलेली सायकल हातात धरून एक म्हातारबा वर येत होते.

"चेन पडली का जी?"

"चढावर गिअर टाकला, बाबाजी."

"चढावर कायले? बैलालेबी खालीच सांगा लागते. अर्ध्यात मारलं त थो बसते."

दुकानदारानं अर्धा तास खर्चून जे सांगितलं नव्हतं, ते हेच. साखळी फिरती हवी आणि तिच्यावर ताण नको, तरच ती शेजारच्या चक्रावर चढते. साखळी बसवली, खाली गेलो. चढ लागायच्या आधीच पाय सैल सोडून खटका दाबला. टक्! पाय हलके झाले, गाडी मात्र म्हातारबांच्या चालीनं. गप्पांना सोयीचं.

"केवढ्याची जी गाडी?"

"पन्नास हजार."

चढ संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. माथ्यावर सायकलवर टांग टाकताना म्हणाले, "येवढ्यात गोऱ्ह्याची जोडी आली असती, भाऊ."