तात्या, बाटली आणि बुरशी

ऐकलंत का? शिरवळात हल्ली जेवणानंतर बडीशेप फिरत नाही, गोळ्यांचं पाकीट फिरतं! परवा एका साखरपुड्यात व्याहीबुवांनी खिशातून कॅप्सूल काढली नि शेजारच्या मामांना म्हणाले, "घ्या हो, एन्झाइम आहे." एवढा आग्रह जिलेबीचाही झाला नव्हता.

आमच्या तात्यांचं तर विचारूच नका. कंपनीत तिसरी पाळी. सकाळी ७ ला सुटले की हायवेवर मिसळ, वर कट मागून घ्यायचा, आणि घरी येऊन थेट आडवं व्हायचं. छातीत जळजळ झाली की म्हणायचं, "पचन मंदावलंय." मग पाचक सिरप, दोन झाकणं!

काकूंनी चष्मा लावून बाटली वाचली. फंगल डायस्टेस. म्हणजे बुरशीतून काढलेलं. जोकिची ताकामिने नावाच्या जपानी माणसानं १८९४ मध्ये अमेरिकेत याचं पेटंट घेतलं. बुरशी तीच, जिच्यावर जपानात तांदळाची दारू होते. "अगं बाई! एकादशीला माझ्या घरात दारूची बुरशी?"

दुसऱ्या पाकिटात पपेन, कच्च्या पपईच्या चिकातलं. निबर मटण शिजावं म्हणून आपण पपईची फोड घालतो ना, तेच काम. काकू पुटपुटल्या, "यांना आतून मऊ करताहेत की काय?"

गंमत अशी, की डायस्टेस भाताचं पिष्ट तोडतं, पपेन प्रथिनं. आम्लाला दोघंही हात लावत नाहीत. जळजळ होते ती अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडून आम्ल वर चढतं म्हणून, आणि भरल्या पोटी आडवं पडलं की त्याला वाट सोपीच. ज्यांचं स्वादुपिंडच पाचकरस कमी देतं, त्यांना डॉक्टर एन्झाइम देतात ते योग्यच. पण तात्यांचं स्वादुपिंड ठणठणीत आहे. उलट कंबरदुखीची गोळी ते रिकाम्या पोटी घेतात. जठराला सूज आणण्यात अशा गोळ्या पहिल्या रांगेत. त्याबद्दल मात्र घरात चकार शब्द नाही!

आणि हेच तात्या गोठ्यातल्या जर्सीला मूठभर भरडा जास्त पडला तर घर डोक्यावर घेतात. "जादा धान्यानं पोटात आम्ल होतं तिच्या! पशुवैद्यकीय कॉलेजच्या गावात राहता आणि एवढं कळत नाही?"