पाच मिनिटांच्या गोडाची कैफियत

मुक्काम बर्मिंगहॅम,
आश्विन वद्य पंचमी

तीर्थरूप काकांचे सेवेशी, शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपले कृपापत्र पावले. वाईच्या मामलेदार कचेरीत आपण ज्या टपोऱ्या अक्षरांत उभी हयात नोटिसा लिहिल्यात, त्याच अक्षरांत आमच्या घराविरुद्धचा आरोप मुद्देवार मांडलेला पाहून प्रथम आनंद झाला आणि मग अंमळ घाम फुटला. आरोपाचा मजकूर असा, की आमच्या चिरंजीवांनी दूरध्वनीवर निष्पापपणे दिलेल्या जबानीवरून आपल्या कानी आले की आम्ही कोजागिरीस सोळा-सतरा माणसे जेवावयास बोलावली आणि पुरणपोळी, निदान घारगे, तेही नाही तर शिरा, यांपैकी काहीएक न करता त्यांच्यापुढे ‘पाच मिनिटांत होणारे काहीतरी थंडगार’ काचेच्या भांड्यातून ठेवले. सबब घराण्याची अन्नदानाची परंपरा या बेटावर येऊन बुडाली किंवा कसे, याचा लेखी खुलासा पंधरा दिवसांच्या आत करावा. खुलासा मुदतीतच रवाना करीत आहे. आपल्या हुकमाची तामिली करण्यात आम्ही कसूर करीत नाही, एवढे तरी सिद्ध व्हावे.

प्रथमतः हे दप्तरी नोंदवून घ्यावे, की ज्या नगरात आमचे वास्तव्य आहे त्या नगराचा झटपट गोडाशी असलेला संबंध आजकालचा नव्हे. १८३७ साली याच बर्मिंगहॅममध्ये अल्फ्रेड बर्ड नामक एक औषधविक्रेता दुकान थाटून बसला होता. त्याच्या पत्नीस अंडी सोसत नसत, आणि अंड्यावाचून कस्टर्ड ही कल्पना त्या काळच्या इंग्रजास डाळीवाचून पुरणासारखीच अशक्य कोटीतील वाटत असे. तेव्हा त्या पत्नीपरायण गृहस्थाने मक्याच्या पिठीचे असे एक चूर्ण सिद्ध केले, की जे थोड्या थंड दुधात कालवून उकळत्या दुधात सोडले असता अंड्याच्या साहाय्यावाचून दाट, पिवळेधमक कस्टर्ड तयार होई. याच गृहिणीस यीस्टही सोसत नसल्यामुळे पुढे १८४३ साली त्याने बेकिंग पावडरही काढली. एका बाईची प्रकृती नाजूक नसती तर अर्ध्या जगाचे केक फुगले नसते, असे माझे आपले मत आहे. डिगबेथ भागातील त्या कारखान्याचे काम १९६४ साली बॅनबरीस हलले, परंतु इमारत अद्याप ‘कस्टर्ड फॅक्टरी’ याच नावाने उभी असून तिच्यात आता कलावंतांची दालने आणि दुकाने थाटलेली आहेत.

आता याचा वाईशी काय संबंध, असे आपण विचाराल. संबंध आहे. आमच्या लहानपणी घरी पाहुणे येणार असले म्हणजे काकू पुण्याहून आलेला कस्टर्ड पावडरीचा डबा फडताळातून काढीत, केळी, चिकू आणि द्राक्षे चिरून त्या पिवळ्या दुधात सोडीत, आणि आपण ‘हे काही खरे गोड नव्हे’ असे म्हणत म्हणत त्याच्या तीन वाट्या संपवीत असा. ही वहिवाट वर्षानुवर्षे बिनतक्रार चालू होती, आणि प्रस्तुत प्रकरणी ती पुरावा म्हणून दाखल करून घेण्याची परवानगी असावी.

कोजागिरीस आम्ही जे वाढले त्याचे नाव ट्रायफल. खोलगट काचेच्या भांड्यात तळाशी केकचे तुकडे, त्यांवर शेरी नावाच्या द्राक्षासवाचा शिडकावा, त्यावर फळे आणि जेली, त्यावर कस्टर्ड, आणि सर्वांवर फेसलेल्या सायीचे आच्छादन, अशी त्याची शास्त्रोक्त रचना. भांडे काचेचेच हवे, कारण थर बाहेरून दिसणे हा त्यातला अर्धा पाहुणचार. पण केकमध्ये अंडी, शेरीत मद्य आणि जेलीत जनावरांच्या हाडाकातड्यांपासून काढलेले जिलेटिन, असे तीन आक्षेप आमच्या निम्म्या पंक्तीस तत्क्षणीच लागू होत असल्यामुळे आपल्या सूनबाईंनी मूळ मसुद्यात दुरुस्त्या सुचविल्या. केकच्या जागी संत्र्याच्या रसात भिजविलेली पारल्याची ग्लुकोज बिस्किटे आली, जेली चायना ग्रास घालून हापूसच्या डबाबंद रसाची केली, कस्टर्ड बर्डसाहेबांच्याच कृपेने निरंडे झाले, आणि वर पिस्ते व केशर पसरून सारे प्रकरण आदल्या रात्रीच शीतकपाटात कैद झाले. या पदार्थाचा मोठा गुण हाच, की तो शिळा झाल्याने बिघडत नाही, उलट थर एकमेकांत मुरून सुधारतो. म्हणजे माणसाच्या स्वभावाच्या तो थेट उलट आहे. चिरंजीवांची ‘पाच मिनिटे’ ही जबानी मात्र ग्राह्य धरू नये. ते त्या वेळी बिस्किटे भिजविण्याऐवजी भक्षण करीत होते.

शेजारच्या ऐंशीच्या घरातील आजीबाईंनी, ज्यांच्या हातचे ट्रायफल आमच्या गल्लीत प्रमाण मानले जाते, आमचे भांडे चष्म्यातून सर्व बाजूंनी न्याहाळले, दोनदा वाढून घेतले, आणि जाताना सूनबाईंना बाजूला घेऊन, शेरी इतक्या उत्तम प्रतीची कोठे मिळाली, एवढेच दबक्या आवाजात विचारले. चंद्राबद्दल काही लिहीत नाही. तो त्या रात्री ढगांच्या नजरकैदेत होता, आणि मसाल्याचे दूध आम्ही त्याच्या गैरहजेरीत, त्याची हजेरी गृहीत धरून प्यालो.

आपण महसुलाच्या दप्तरात मुरलेले असल्यामुळे येथील सफरचंदाची एक हकीकत आपणास खासच रुचेल. या ऋतूत ज्यांच्या परसात झाडे आहेत ते लोक फळांच्या पाट्या भरून फाटकाबाहेर ठेवतात आणि ‘कृपया न्या’ अशी चिठ्ठी लावतात. ही फळे बहुधा ब्रॅम्ली जातीची, अत्यंत आंबट, कच्ची खाल्ली तर डोळे मिटावेत अशी. परंतु शिजवली असता त्यांचा लुसलुशीत गर होतो. नॉटिंगहॅमशायरमधील साउथवेल या गावी १८०९ साली मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने पेरलेल्या बियांतून याचे मूळ झाड उगवले. पुढे ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली नामक खाटकाने विकत घेतले, आणि एका रोपवाटिकेच्या माणसाने झाडाच्या फांद्या मागितल्या तेव्हा त्याने अट घातली की फळास नाव माझे लागले पाहिजे. लावणी मुलीची आणि फेरफाराची नोंद खरेदीदाराच्या नावे! आपण त्या तालुक्यास असता तर ही नोंद खासच रद्द केली असतीत.

या फुकटच्या फळांचे आम्ही क्रंबल करतो. फोडी करून त्यांत थोडी साखर व दालचिनी घालावी. २०० ग्रॅम मैद्यात १०० ग्रॅम थंड लोणी, शंकरपाळ्यांसाठी मोहन चोळतात तसे, बोटांच्या अग्रांनी भुरभुरीत होईतो चोळावे. त्यात १०० ग्रॅम साखर मिसळून तो चुरा फोडींवर पसरावा, दाबू नये, आणि १८० अंशांवर सुमारे चाळीस मिनिटे भट्टीत ठेवावे. लाटणे नाही, पारी नाही, कडा मुडपणे नाही. गेल्या महायुद्धात येथे माणशी आठवड्याला ८ औंस साखर आणि २ औंस लोणी मिळत असे आणि साखरेवरील नियंत्रण १९५३ पर्यंत उठले नव्हते. त्या तंगीत पारीत फळे भरून भाजलेल्या ‘पाय’ परवडेनाशा झाल्या आणि हा चुरा घरोघर रूढ झाला असे सांगतात. शिधापत्रिका हाती घेऊन रांगेत उभे राहिलेल्या आपणासारख्या वडीलधाऱ्यांनी तरी या पदार्थास आळशी म्हणू नये.

व्हिक्टोरिया राणीच्या नावाचा जो केक आहे, त्याचा मी पुरस्कार करीत नाही. अंडी कवचासकट तोलून तेवढ्याच वजनाचे लोणी, साखर आणि मैदा, हे प्रमाण लक्षात ठेवण्यास सोपे खरे. परंतु येथील महिला संस्थांच्या स्पर्धांत त्याची जी पैमाश होते, मध्ये रासबेरीचाच मुरंबा हवा, वर बारीक साखरेखेरीज काही नको, निववण्याच्या जाळीचे वळ पृष्ठभागावर उमटले तर गुण कापणार, ती पाहता हे काम अंडे न खाणाऱ्यांनी दुरूनच पाहावे, हे उत्तम.

आता बनॉफी पाय. ससेक्स परगण्यातील जेव्हिंग्टन या खेड्यातल्या एका उपाहारगृहात १९७१ च्या सुमारास हा पदार्थ जन्मास आला. बिस्किटांचा चुरा वितळलेल्या लोण्यात मळून ताटात थापावयाचा, त्यावर आटवलेल्या गोड दुधाचा तपकिरी पाक, त्यावर केळ्याच्या चकत्या, आणि वर किंचित कॉफी घातलेली फेसलेली साय. पाक करण्याची मूळ रीत अशी की दुधाचा बंद डबाच तासन् तास पाण्यात उकळावयाचा. पाणी आटून डबा उघडा पडला तर तो तोफेसारखा उडतो, म्हणून हल्ली तयार पाकाचे डबे मिळतात आणि आम्ही तेच आणतो. पाहुण्यांनी वाहवा केली म्हणजे मला मनातून हसू येते. केळे, दूध आणि साखर! काका, हे शिकरणच नव्हे काय? जेव्हिंग्टनच्या त्या घरावर या शोधाच्या स्मरणार्थ निळी पाटी लागली. आमच्याकडे शिकरणाच्या आद्य जनकाची पाटी कोणत्याही वाड्यावर नाही, आणि पाहुणे दिसताच आपण शिकरणाची वाटी फडक्याखाली झाकतो.

येथे श्रीखंड होत नाही काय, हा आपला प्रश्न रास्त आहे. ते होते, आणि वाईपेक्षा सुलभ होते, कारण येथे ग्रीक पद्धतीचे घट्ट दही मिळते. ते रात्रभर फडक्यात बांधून चाळणीवर ठेवले की सकाळी चक्का तयार. अडचण करण्यात नाही, वाढण्यात आहे. आपल्याकडे गोड पानात उजवीकडे येते आणि जेवणाच्या मध्यावर त्याचा आग्रह होतो. येथे गोड म्हणजे सर्व भांडी उचलल्यावर येणारा स्वतंत्र अध्याय. मागे आम्ही परंपरा राखावी म्हणून आम्रखंड पुऱ्यांच्या जोडीने आरंभीच मांडले, तेव्हा माझ्या कचेरीतील एका सभ्य गृहस्थाने ते चटणी समजून त्यात काकडी बुडवली, मग पापड बुडवला, आणि ही चटणी फारशी तिखट नाही याबद्दल मनःपूर्वक समाधान व्यक्त केले. त्यांचा भ्रम कोणी दूर केला नाही. तेव्हापासून श्रीखंड आम्ही लहान पेल्यांतून शेवटी, वर स्ट्रॉबेरीची फोड ठेवून देतो, आणि त्यास कोणी काकडी लावीत नाही.

आता पुरणपोळीबद्दल. ती आम्ही विसरलो नाही. होळीस दारे-खिडक्या उघड्या टाकून, थंडीत कुडकुडत करतो, कारण तव्यावर तूप पडले रे पडले की छतावरील धुराची घंटा असा आकांत मांडते, की चिरंजीवांस पंचा घेऊन तिच्याखाली वारा घालीत उभे करावे लागते. परंतु सतरा माणसांच्या पंक्तीस पोळ्या करावयाच्या म्हणजे सूनबाईंनी आठवडाभराची नोकरी करून शनिवार पुरण वाटण्यात आणि रविवार तव्यापाशी घालवावयाचा; दाराशी आलेल्या पाहुण्यास त्यांचा आवाज ऐकू यावा, पण मुख दिसू नये. काकू आपल्या माजघरात अशाच वावरल्या. त्यांच्या हातचे जेवून तृप्त झालेल्या शेकडो माणसांपैकी किती जण त्यांच्याशी चार वाक्ये बोलले असतील, याचा तपशील कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. कोजागिरीस मात्र आपल्या सूनबाई मध्यरात्रीपर्यंत पाहुण्यांत बसल्या, पत्त्यांचे तीन डाव जिंकल्या, आणि शेजारच्या आजीबाईंना त्यांनी आपली भोंडल्याची गाणी शिकवली. परंपरा बुडाली किंवा कसे, याचा निवाडा या मजकुरावरून आपणच करावा. तो आम्हांस मान्य राहील.

आता एक अर्ज. नाताळापूर्वी शेजाऱ्यांस पुन्हा जेवावयास बोलावण्याचा बेत असून त्या वेळी काकूंचा सुधारस करावा असे घाटते आहे. साखरेचा पाक, लिंबाचा रस, वेलदोडा आणि केशर एवढ्यावर जो उभा राहतो, ज्यास ना अंडे लागते ना जिलेटिन, त्यापुढे बर्डसाहेबांचे चूर्णदेखील किचकटच म्हणावयाचे. काकूंनी मागे कळविलेली कृती जपून ठेवली आहे; परंतु ‘साखर लागेल तेवढी, लिंबू अंदाजाने, पाक झालासे वाटले की उतरवावा’ या तीन कलमांची अंमलबजावणी येथे होऊ शकत नाही, कारण येथील लिंबे आपल्या कागदी लिंबांच्या दुप्पट मोठी असून चवीस निराळी आहेत, आणि आजीबाईंनी प्रमाण आधीच लेखी मागितले आहे. तरी आपण स्वतः स्वयंपाकघरात बसून, काकू काय काय घालतात ते दर वेळी तराजूवर तोलून, ग्रॅममध्ये टिपून पाठवावे. काकू तोलू देणार नाहीत हे मी जाणतो. तसे झाल्यास त्यांची ती कानाशी पोचा पडलेली पितळी वाटीच आमच्या मेहुण्यांबरोबर पाठवावी. ते कार्तिकात इकडे यावयाचे आहेत.

लोभ आहे तो वृद्धिंगत व्हावा, ही विनंती.

आपला आज्ञाधारक पुतण्या