राजीखुशीचं तिकीट

२०१९ ची कर्नाटक प्रीमियर लीगची फायनल बघायला सरगूरहून लाल बस धरून कुणी म्हैसूरला गेला असेल, तर त्याने आता गळा काढू नये. त्या फायनलमध्ये खेळाडूंनी मुद्दाम संथ खेळण्यासाठी पैसे घेतल्याचा पोलिसांचा आरोप होता. १० जानेवारी २०२२ ला उच्च न्यायालयाने खटला रद्द केला. न्यायालय म्हणालं, प्रेक्षकाला फसल्यासारखं वाटेलही, पण तिकीट त्याने राजीखुशीने काढलेलं. मग फसवणुकीचं तेव्हाचं कलम ४२० कसं लागणार? शिस्तीचं काय ते क्रिकेट मंडळ बघेल. निकाल कायद्याला धरूनच आहे म्हणा! मॅच फिक्सिंग हा फौजदारी गुन्हा ठरवा, असं विधी आयोगाने २०१८ मध्येच सुचवलं होतं. तो अहवाल बहुधा बारावा खेळाडू म्हणून पाणी वाटतोय.