अज्ञान मामांचा सातबारा

आमचे मामा 62 वर्षांचे आहेत. तीन नातवंडं, दोन दुखरे गुडघे आणि ग्रामपंचायतीची हरलेली एक निवडणूक एवढा अनुभव गाठीशी आहे. तरीही नेवासे तालुक्यातल्या त्यांच्या सातबाऱ्यावर ते अज्ञान आहेत. आजोबा गेले तेव्हा मामा 9 वर्षांचे होते, म्हणून ‘अ.पा.क.’ असा शेरा पडला. अज्ञान पालनकर्ता. पालनकर्ती आजी. तिला जाऊन वीस वर्षं झाली, पण कागदोपत्री मामा अजून तिच्याच पदराखाली आहेत.

‘‘मला अडाणी म्हणतंय व्हय सरकार?’’ मामा तापले.

‘‘कायद्यात अज्ञान म्हणजे 18 पूर्ण न झालेला, मामा.’’

‘‘मग मी 18 चा झालो, हे त्यांना कळलं न्हाई? मतदार यादीत तर कळलं!’’

2024 साली केवढे बदल झाले! जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं, तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला, भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. चारसौबीस माणूस कलम 318 मध्ये राहायला गेला. मामांचा शेरा मात्र जागचा हलला नाही.

त्यात शेजाऱ्यानं बांध कोरला. जाब विचारला तर शिव्या दिल्या. मामा ठाण्यात गेले आणि ‘अदखलपात्र’ असा कागद घेऊन आले. ‘‘माझी दखल घ्यायची लायकी न्हाई म्हणत्यात!’’ त्याचा अर्थ इतकाच, की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. पण हे सांगेपर्यंत मामांची लायकी गावभर झाली होती.

मग दावा. पहिल्याच तारखेला काम ‘तहकूब’ झालं. खटला मिटला असं समजून मामांनी पेढे वाटले. पुढच्या तारखेला ‘जैसे थे’चा आदेश झाला. पुन्हा पेढे! बांध पहिल्यासारखा होणार म्हणून. वकिलांनी खुलासा केला, ‘‘जैसे थे म्हणजे आज आहे तसं.’’ आज बांध तीन फूट मामांच्या रानात होता.

‘‘पण सातबारा माझ्या नावावर हाय!’’

‘‘ती महसुलाची नोंद. विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी धरतात. मालकी ठरते ती खरेदीखतानं, वारसानं.’’

याच नेवाशात शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत उलगडला. कोर्टाच्या कागदाला अजून असा कुणी भेटलेला नाही. कागद तसा मराठीतच असतो, म्हणून तर माणूस बेसावध राहतो. इंग्रजी असता तर निदान कुणाला तरी विचारलं असतं.

शेवटी मामांनी शेरा कमी करायला अर्ज दिला. जन्माचा पुरावा जोडला. शाळेच्या दाखल्यावर नावात एक काना जास्त निघाला, म्हणून दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आलं. आपण आपणच आहोत, हे मामांनी शपथेवर सांगितलं.

या धावपळीत दाव्यातली एक मुदत हुकली. वकील वैतागले, ‘‘कायद्याचं अज्ञान ही सबब होत नाही, मामा!’’

मामांनी शांतपणे बंडीच्या खिशातून सातबारा काढला आणि टेबलावर ठेवला.

‘‘सबब कुठं सांगतोय? हा घ्या सरकारी दाखला.’’